पिरॅमिड राहू द्या, इजिप्तचं दफ्तर बघा

बोरूबहाद्दर

प्राचीन इजिप्त म्हटलं की पिरॅमिड, ममी, तुतनखामेन, फार तर क्लिओपात्रा. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून 'इजिप्तने जगाला दिलेल्या दहा गोष्टी' येऊन पडतात. टूथपेस्ट, केसांचे टोप, कुलूप, काजळ. वाचायला बरं वाटतं, पण काजळ घालायला आपल्या आज्यांना नाईलच्या काठी जावं लागलं नव्हतं.

माझं म्हणणं असं की रोजच्या जगण्यात इजिप्तचं जे काही उरलंय ते कारकुनी आहे. मोजलेला दिवस, आखलेलं वर्ष, गुंडाळून ठेवता येईल असं लिहायचं साहित्य आणि त्यावर तारीखवार खरडणारा माणूस. थोडक्यात, दफ्तर.

२०१३ साली तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ या जुन्या बंदरात पिएर ताले या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या चमूला पपायरसचे, म्हणजे पाणगवतापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. मजकूर असलेल्या पपायरसांत आजवरचे हे सर्वांत जुने. काळ खुफू राजाचा, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचं काम चालू होतं तेव्हाचा, म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. आता यात काय असावं? मंत्र? राजाची स्तुती? छे. मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी! आज टोळीने तूराच्या खाणीवर दगड भरले. आज भरलेली नाव घेऊन निघालो. मुक्काम अमुक ठिकाणी. आज गिझाला पोचलो. परत तूरा. महिन्याच्या दिवसांचे रकाने पाडलेत आणि त्यात हे असं कोरडं, एकसुरी लिहिलंय. याच बंदरात धान्याचे हिशेबही मिळाले: इतकं यायचं होतं, इतकं आलं, इतकी बाकी.

मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर काढलं. याहून गबाळी रजिस्टरं तपासून सह्या केल्यात.

दुसरा नमुना ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. राजांच्या दरीतली थडगी खोदणाऱ्या कारागिरांची एक सरकारी वसाहत होती, तिला आज देर अल-मदिना म्हणतात. तिथला हा हजेरीपट, दुसऱ्या रामसेस राजाच्या राजवटीच्या ४०व्या वर्षातला, चुनखडीच्या चपट्या दगडावर दोन्ही बाजूंनी लिहिलेला. ४० कामगार, २८० दिवस. गैरहजेरीची तारीख काळ्या शाईत आणि तिच्या डोक्यावर लाल शाईत कारण. विंचू चावला. डोळा दुखतोय. आईचं प्रेत गुंडाळायचं होतं. बीअर करत होता. साहेबाबरोबर होता.

पपायरसवर लिहायची सवय इजिप्तकडून ग्रीकांकडे आणि रोमकडे गेली. इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमी या ग्रीक राजांच्या काळातल्या झेनोन नावाच्या एका दिवाणजीचे दोनेक हजार कागद सापडलेत. मालकाची जमीन, मजुरी, डुकरं, तेल, तक्रारअर्ज, सगळं. रोमन साम्राज्याचा कारभार याच मालावर चालला आणि पोपचं कार्यालय तर ११व्या शतकापर्यंत पपायरस वापरत होतं. आज आपण शीर्षक लाल करतो, बाकी रक्कम वेगळ्या रकान्यात टाकतो, मस्टरवर सही करतो, त्याची नाळ मला तिथे दिसते.

जाणकारांनी भर घालावी, वाद घालायचा असेल तर तोही घालावा.

भिंगरी

'साहेबाबरोबर होता' हे कारण आजही चालतं हो, बोरूकाका. लाल शाईत लिहायची हिंमत मात्र कुणी करत नाही.

याच हजेरीपटात घरातल्या बाईची पाळी आली म्हणून पुरुष गैरहजर, अशाही नोंदी आहेत. म्हणजे रजा त्याला. ती काय करत होती ते लिहिलेलं नाही, आणि ते वाचायची मला फार उत्सुकता आहे.

खडूफळा

लेख छान, पण एक खुंटी घट्ट ठोकून घेऊ. 'इजिप्तमध्ये आधी झालं' आणि 'इजिप्तकडून आपल्यापर्यंत आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजेरीपट मेसोपोटेमियातही होते, मातीच्या विटांवर. माणसं राबवायची म्हटली की त्यांची हजेरी घ्यावीच लागते. तेव्हा मस्टरची नाळ इजिप्तला जोडायची तर मधले दुवे दाखवा. दाखवता येणार नाहीत असं नाही, पण 'मला दिसते' एवढ्यावर भागणार नाही.

उलट कॅलेंडरचे दुवे चोख दाखवता येतात. इजिप्तचं नागरी वर्ष ३० दिवसांचे १२ महिने अधिक वरचे ५ दिवस, एकूण ३६५. अधिक मास नाही, क्षयतिथी नाही, चंद्राचा काही संबंध नाही. पंचांगावर वाढलेल्या आपल्याला ते फारच बाळबोध वाटेल. ४ महिने पुराचे, ४ पेरणीचे, ४ कापणीचे. व्याधाचा तारा सूर्योदयापूर्वी पुन्हा दिसू लागला की नाईलचा पूर आला, नवं वर्ष आलं.

यात वर्षाला पाव दिवस कमी पडायचा. चार वर्षांत एक दिवस सरकायचा आणि काही शतकांनी 'पुराचे महिने' भर कापणीच्या दिवसांत. इ.स.पू. २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळी पुरोहितांनी कानोपसचा हुकूमनामा काढला: दर चौथ्या वर्षी एक जादा दिवस धरा. लोकांनी जुमानलं नाही. दोनेकशे वर्षांनी ज्युलियस सीझरने रोमचं पार विस्कटलेलं कॅलेंडर सुधारायला घेतलं, तेव्हा सल्लागार म्हणून सोसिजिनीस आला. रोमन लेखक प्लिनीने त्याचं नाव नोंदवलंय आणि तो अलेक्झांड्रियाचा असं परंपरा सांगते. इ.स.पू. ४५ पासून ३६५ दिवस आणि चौथ्या वर्षी लीप, हे चालू झालं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने त्यात थोडी कातरी चालवली आणि ते आज आपल्या भिंतीवर आहे. याला म्हणतात प्रभाव. प्रत्येक हात कुणाचा ते ठाऊक आहे.

आणि गंमत म्हणजे जे वर्ष शेतकऱ्याला निरुपयोगी, ते खगोलवाल्यांना सोन्यासारखं. प्रत्येक वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, मध्ये काही भानगड नाही, म्हणजे दोन ग्रहणांतले दिवस मोजायचे तर नुसता गुणाकार. टॉलेमीने (राजा नव्हे, ज्योतिषी) तेच वापरलं, पार कोपर्निकसनेही तेच.

हिंदमाता_ब्रिज

खडूफळा सर, ते वर्ष मुंबईत अजून चालू आहे की! आमच्या बिल्डिंगमध्ये पारशी शेजार आहे. शहेनशाही कॅलेंडर अगदी तसंच: ३० दिवसांचे १२ महिने, शेवटी गाथांचे ५ दिवस, लीप वर्ष नाही. त्यामुळे त्यांचा नवरोझ ग्रेगोरियन तारखांत दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. २०२३ ला १६ ऑगस्ट होता, २०२४ ला १५ ऑगस्ट. सरकारी सुट्टी स्वातंत्र्यदिनावर पडल्याचं दुःख अख्ख्या ऑफिसला झालं होतं.

याचा इजिप्तशी खरंच संबंध आहे का, की खुंटीवाला नियम इथेही लागतो?

खडूफळा

लागतो, आणि इथे खुंटी बऱ्यापैकी घट्ट बसते. इराणच्या हखामनी सम्राटांनी इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त जिंकलं. त्यानंतर कधीतरी झरथुष्ट्री कॅलेंडर ३६५ दिवसांचं झालं आणि ते इजिप्तच्या नमुन्यावर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नेमकं साल कुठलं यावर त्यांचीच भांडणं आहेत. वर्ष असं सरकू नये म्हणून पारश्यांतल्याच काहींनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला लीपचा दिवस धरणारं फसली कॅलेंडर पुढे आणलं. बहुसंख्य मंडळी शहेनशाहीवरच राहिली. कानोपसच्या हुकूमनाम्याचं जे झालं तेच.

खुद्द इजिप्तमध्ये कॉप्टिक चर्च आजही १३ 'महिने' मोजतं, शेवटचा ५ किंवा ६ दिवसांचा. इथिओपियातही तसंच. इजिप्तचे शेतकरी थंडी-वाऱ्याच्या म्हणी तूबा, अमशीर या कॉप्टिक महिन्यांच्याच सांगतात.

गूढरम्य

सगळे कॅलेंडरमध्येच अडकलेत. देंदेराच्या देवळातल्या भिंतीवर विजेचा दिवा कोरलाय, त्याबद्दल कुणी बोलणार आहे का? लांबुळका बल्ब, आत वेटोळी तार, खाली वायर. थडग्यांच्या छतावर मशालीची काजळी नाही. मग आत खोल रंगकाम कोणत्या उजेडात केलं? अभ्यासकांना सोयीचं नसलं की विषय बंद.

बोरूबहाद्दर

गूढरम्य, विषय बंद कशाला, उघडाच आहे. देंदेराचं ते देऊळ हाथोरचं आणि टॉलेमींच्या अखेरच्या काळातलं. ती 'वायर' म्हणजे कमळाचा देठ आणि 'तार' म्हणजे कमळातून निघणारा साप, हर्सोमतुस देव. हे मी म्हणत नाही, चित्राच्या शेजारीच चित्रलिपीत लिहून ठेवलंय.

राहिला उजेड. देर अल-मदिनाच्या दफ्तरात वातींचे हिशेब आहेत! थडग्यात काम करणाऱ्यांना भांडारातून आज किती वाती दिल्या, सकाळी किती, दुपारी किती, शिल्लक किती. चिंध्या पिळून चरबीत किंवा तेलात भिजवलेल्या वाती. वीज असती तर या लोकांनी तिचंही रजिस्टर ठेवलं असतं, आणि बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावरून पत्रव्यवहारही सापडला असता.

भिंगरी

+१००

रात्रपाळी

मी कंट्रोल रूममध्ये बसून २४ तासांची लॉगशीट भरतो, म्हणून विचारतो. दिवसाचे २४ तास इजिप्तचे असं वाचलंय. मग तासाची ६० मिनिटं कुठून आली? आणि २४ च का?

खडूफळा

६० बाबिलोनचे. २४ इजिप्तचे, पण त्यातही गोम आहे.

त्यांनी आकाशात तारकांचे ३६ गट धरले होते, एकेकाची पाळी १० दिवसांची. रात्रीच्या काळोखात हे गट एकामागून एक उगवताना दिसतात, त्यावरून रात्रीचे १२ भाग पडले. इ.स.पू. २१०० च्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांवर, आतल्या बाजूने, ही कोष्टकं रंगवलेली सापडतात. मेलेल्याला किती वाजले ते कळावं म्हणून. मग दिवसाचेही १२ केले. म्हणजे १२ अधिक १२.

पण हे तास सारखे नव्हते. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि रात्रीचा आखूड, हिवाळ्यात उलटं. तुमच्या लॉगशीटची रात्रपाळी डिसेंबरात चांगलीच महाग पडली असती.

कर्नाकला १९०४ मध्ये सापडलेलं तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातलं जलघटिकेचं भांडं बघण्यासारखं आहे. कुंडीच्या आकाराचं, वर रुंद, खाली निमुळतं, तळाशी भोक. भांड्याच्या कडा सरळ उभ्या असत्या तर पाणी भरलेलं असताना जोरात आणि संपत आल्यावर सावकाश गळलं असतं. म्हणून कडा तिरक्या ठेवल्या, म्हणजे पातळी साधारण एकाच वेगाने उतरते. आतल्या बाजूला १२ महिन्यांच्या १२ वेगळ्या उभ्या पट्ट्या, कारण रात्र दर महिन्याला वेगळ्या लांबीची. आपल्याकडचं घटिकापात्र याच्या उलट चालतं. तिथे भोकातून पाणी आत येतं आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते. तेव्हा हे त्यांच्याकडून आपण घेतलं असं म्हणायला जागा नाही.

सारख्या लांबीचे तास ग्रीक ज्योतिष्यांनी आपल्या गणितासाठी धरले. सामान्य माणसाच्या आयुष्यात ते आले यांत्रिक घड्याळांबरोबर, १४व्या शतकापासून.

आपल्यापर्यंत मात्र हे २४ तास घड्याळाच्या आधीच पोचले होते, वारांतून. ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक होऱ्याला, म्हणजे तासाला, क्रमाने एकेक ग्रह द्या. शनिवारचा पहिला होरा शनीचा. २४ होरे संपले की २५वा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, कुणाचा येतो ते बोटावर मोजा. रवीचा. त्याच्या पुढच्या दिवशी चंद्राचा, मग मंगळाचा. रविवारनंतर सोमवार आणि मग मंगळवारच का, याचं उत्तर २४ ला ७ ने भागून उरणाऱ्या ३ मध्ये आहे. दिवसाचे २४ भाग केल्याशिवाय हा क्रम पडतच नाही. ही जुळणी ग्रीक अमलाखालच्या इजिप्तमधली मानतात. सूर्यसिद्धान्तात हाच नियम आहे आणि वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडचा जुना कोरीव लेख एरणचा, इ.स. ४८४ चा, गुरुवारचा.

ओपीडी_नंतर

एडविन स्मिथ पपायरसबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? इ.स.पू. १६०० च्या सुमाराची प्रत, जखमा आणि हाडं मोडण्याची ४८ प्रकरणं, डोक्यापासून खाली क्रमाने. तपासणी, निदान, मग तीन निकालांपैकी एक: हा मी बरा करेन, याच्याशी मी झुंजेन, याला उपाय नाही. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता आम्ही मनातल्या मनात हेच करतो.

२५वं प्रकरण निखळलेल्या जबड्याचं आहे. जांभई देताना जबडा सुटतो आणि तोंड मिटत नाही, पेशंट लाळ गाळत बसलेला असतो. पपायरस सांगतो: अंगठे तोंडात घालून जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेव, बाकीची बोटं हनुवटीखाली, आणि जबडा मागे जाऊ दे. मी इंटर्न असताना सीनियरने हेच शिकवलं, फक्त अंगठ्यांना गॉज गुंडाळ म्हणाला, कारण जबडा जागेवर बसताना दात कचकन मिटतात.

खुंटीचा नियम लावला तर काय निघतं तेही सांगते. हा पपायरस १८६२ मध्ये लक्सॉरला विकत घेतला गेला आणि १९३० मध्ये ब्रेस्टेडने त्याचं भाषांतर छापलं. आमची पाठ्यपुस्तकं ही पद्धत ग्रीकांच्या नावावर टाकतात. ग्रीकांनी ती इजिप्तकडून घेतली की त्यांचे अंगठेही आपोआप तिथेच गेले, कोण सांगणार? जबडा सगळ्यांचा सारखाच सुटतो.

गव्हा-बार्लीवर लघवी करून गर्भ आहे का ते ओळखायची त्यांची पद्धत मात्र १९६३ मध्ये तपासून पाहिली गेली. गर्भवतींच्या साधारण ७० टक्के नमुन्यांत दाणे उगवले. मुलगा की मुलगी हा भाग साफ फसला, हे बरंच झालं म्हणायचं.

शून्यएक

डॉक्टरताई, जबड्याचं वाचून माझाच दुखायला लागला.

माझी भर गणिताची. ऱ्हाइंड पपायरस या इजिप्ती गणिताच्या पोथीतला गुणाकार फक्त दुप्पट करून चालतो. २३ गुणिले १३ करायचे:

१ → २३
२ → ४६
४ → ९२
८ → १८४

१३ म्हणजे ८ + ४ + १, म्हणून १८४ + ९२ + २३ = २९९. पाढे पाठ करायला नकोत. प्रोसेसरमधला गुणाकार मुळात याच चालीचा असतो, सरकवा आणि मिळवा. पण संगणकाने हे इजिप्तकडून घेतलेलं नाही, तेव्हा माझा नंबर 'आधी झालं' वाल्या रांगेत.

अपूर्णांक मात्र लांबवर गेले. १० जणांत ९ भाकऱ्या वाटायच्या तर ते ९/१० लिहीत नसत. २/३ + १/५ + १/३० लिहीत. प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच हिस्सा, भांडण नको. ही तऱ्हा ग्रीकांनी चालू ठेवली आणि १२०२ मध्ये इटालियन गणिती फिबोनाचीसुद्धा असे तुकडे कसे पाडायचे ते शिकवत होता. पावकी-निमकी पाठ केलेल्या आमच्या आजोबांना हे लगेच पटलं असतं.

मोडीवाली

दफ्तराचा धागा आणि अक्षरांचं नाव नाही! सिनाईत सेराबित अल-खादिम इथे पिरोजाच्या खाणी होत्या. तिथे १९०५ मध्ये पेट्री या पुरातत्त्वज्ञाला काही ओबडधोबड खुणा कोरलेल्या मिळाल्या. चित्रं इजिप्ती वळणाची, पण वाचली तर इजिप्ती लागेना. १९१६ मध्ये इजिप्तचा अभ्यासक गार्डिनर याच्या लक्षात आलं की ती सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातली, भाषा आहे. खाणीवर आलेल्या परक्या लोकांनी शेकडो चित्रांची भानगड सोडून वीस-तीस चित्रं उचलली आणि प्रत्येक चित्र एका ध्वनीला दिलं. बैलाचं डोकं उलटं करा, रोमन लिपीतलं पहिलं अक्षर दिसेल. पाण्याच्या लाटेचं झालं एम. तिथून फिनिशियन, ग्रीक, रोमन. दुसऱ्या फांदीवर अरामी, अरबी, हिब्रू.

आणि अरामीपासून ब्राह्मी असं मानलं तर हा धागा आपण त्याच खाणकामगारांच्या पणतूच्या पणतूत टाइप करतोय.

घाटावरचा

'मानलं तर' हे महत्त्वाचं. ब्राह्मी इथलीच, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. प्रत्येक गोष्ट पश्चिमेकडून आली असं म्हणायची आपल्याला फार घाई असते.

मोडीवाली

आहेत ना, म्हणूनच 'मानलं तर' लिहिलं. खरोष्ठी ही वायव्येकडची जुनी लिपी अरामीवरून आली याबद्दल फारसं दुमत नाही. ब्राह्मीबद्दल आहे. काही अक्षरं जुळतात, काही ओढूनताणून जुळवावी लागतात. आणि स्वरांच्या मात्रा, वर्गवार मांडणी ही इथलीच करामत, त्याचं श्रेय कुणी काढून घेत नाही. सोपाऱ्याला मिळालेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या संग्रहालयात आहे. शेजारी अरामी अक्षरांचा तक्ता धरून बघा आणि तुमचं मत बनवा. इजिप्तला घाट उतरून कुणी गेलं नव्हतं, हे मात्र माझंही मत आहे.

वर्गणी_बाकी

युनियनमध्ये आयुष्य गेलं, म्हणून उशिरा का होईना लिहितो. ज्या देर अल-मदिनाचा हजेरीपट वर आलाय, त्याच वस्तीने नोंदवलेल्या इतिहासातला पहिला संप केला. तिसऱ्या रामसेसचं २९वं वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या आसपास. पगार धान्यात मिळायचा आणि तो थकला. कारागिरांनी हत्यारं ठेवली, नाकी ओलांडली आणि सरळ तिसऱ्या थुटमोसच्या देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा. मागणीपत्रच झालं की. हे सगळं लिहून ठेवलं ते कारकुनाने, आणि तो पपायरस आज इटलीत तोरिनोच्या संग्रहालयात आहे.

खडूफळा सरांच्या खुंटीला मी हात लावत नाही. संप करायला कुणी कुणाकडून शिकत नाही. पण बोरूबहाद्दरांचा मुद्दा मला असा पटतो की तारीखवार बाकी लिहिलेली होती म्हणूनच 'महिन्याचे इतके दिवस उलटले, धान्य आलं नाही' असं ठणकावून म्हणता आलं. रजिस्टर दोन्ही बाजूंनी कापतं.

थकलेलं धान्य मिळालं. मग पुन्हा थकलं, पुन्हा बसले. नवव्या आणि दहाव्या रामसेसच्या काळातही तीच रड चालू होती.